‘तो रोग नव्हे’ असे सांगताना



मुलीच्या अंगावर पांढरा डाग दिसला की आपल्याकडे आधी घराचे दार लोटून घेतले जाते. आई तिला खिडकीच्या उजेडात उभी करते. आजी डागावर बोट फिरवते. कोणी म्हणते, माशांवर दूध प्यायली असेल. कोणी म्हणते, वाईट नजर लागली. पुढे आठ-पंधरा दिवसांनी, शेजाऱ्यांना कळू न देता, तिला डॉक्टरांकडे नेतात. डॉक्टर तपासतात आणि सांगतात, “हे कोड आहे, कुष्ठरोग नाही.” घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. परत येताना एस.टी.त बसल्यावर कोणीतरी म्हणतेच, “देवाची कृपा, तो रोग नव्हे!”

या रविवारी आम्ही या एका वाक्याचा आपल्यासोबत विचार करू इच्छितो. वाक्य खोटे नाही, आणि बोलणाऱ्याच्या मनात वाईटही काही नसते. परंतु त्याच एस.टी.त, मागच्या बाकावर, ‘तो’ रोग असलेला माणूस बसला असेल तर त्याने काय ऐकले? आणि समजा, दोन्ही रोग एकाच माणसाच्या अंगावर असतील, तर त्याचे सांत्वन आपण कोणत्या शब्दांत करणार?

हा प्रश्न नुसता कल्पनेतला नाही. पण त्याकडे वळण्यापूर्वी दोन्ही रोगांची नीट ओळख करून घेऊ, कारण अर्धवट माहितीतूनच निम्मी भीती जन्माला येते.

आपल्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. शरीराची जी यंत्रणा बाहेरच्या जंतूंशी लढते, तीच कधीकधी चुकून या पेशींवर उलटते आणि त्या नष्ट होतात. तेवढ्या जागी त्वचा दुधासारखी पांढरी पडते, डागावरचे केसही पांढरे होऊ शकतात. हे कोड. त्या जागी स्पर्श कळतो, ऊन-थंड कळते, टोचले तर दुखते. कोड शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने होत नाही आणि आईबापाच्या पापानेही होत नाही. मलमे, विशिष्ट प्रकाशाचे उपचार, काही रुग्णांत त्वचारोपण असे मार्ग आहेत. काहींना चांगला गुण येतो, काहींना कमी.

कुष्ठरोग निराळा. तो जंतूमुळे होतो. नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी हा जंतू १८७३ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. हा जंतू त्वचेत आणि त्वचेखालच्या नसांमध्ये राहतो. त्याचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, दुधासारखा पांढराशुभ्र नसतो. त्याची मुख्य खूण बधिरपणा ही आहे. चट्टा खाजत नाही, दुखत नाही, म्हणूनच माणूस गाफील राहतो. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ व निकटच्या सहवासात, बहुधा नाकातोंडातून बाहेर पडणाऱ्या तुषारांतून, तो पसरतो. परंतु बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला रोखण्याची शक्ती उपजतच असते. जंतू शरीरात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी ५ वर्षे जातात, कधी २० वर्षेसुद्धा. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एकापेक्षा अधिक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचवली. तेव्हापासून हा रोग सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून इतरांना असणारा धोका संपतो.

म्हणजे एक रोग शरीराने स्वतःवर ओढवलेला, दुसरा जंतूने आणलेला. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पण संबंध नाही म्हणूनच एक असला तर दुसरा होणार नाही, अशीही हमी नाही. एकाच रुग्णाला कोड आणि कुष्ठरोग दोन्ही असल्याची उदाहरणे डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेली आहेत. अशी माणसे थोडी आहेत. परंतु नैतिक प्रश्न किती जणांना लागू होतो यावर त्याचे महत्त्व ठरत नसते.

अशा रुग्णात एक रोग दुसऱ्याला झाकून टाकतो. अंगावर कोडाचे जुने डाग असतील तर नव्याने आलेल्या फिकट चट्ट्याकडे कोणी वेगळे पाहत नाही. ‘आपले जुनेच आहे, आणखी एक वाढला’ असे म्हणून सोडून देतात. उलट, कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसाला कोडाचा डाग उठला तर तो रोग परतला या भीतीने खचून जातो. नायट्याच्या बाबतीतही असे घडू शकते. खाजणाऱ्या नायट्यासाठी माणूस औषधाच्या दुकानातून मलम आणतो, आणि शेजारचा न खाजणारा, बधिर चट्टा तसाच राहतो. जो त्रास देतो त्याच्याकडे आपले लक्ष जाते. जो गुपचूप नस खातो त्याच्याकडे जात नाही.

आपल्या जिल्ह्यातले एक उदाहरण डोळ्यांपुढे आणू. ते कोणा एकीचे नाही, परंतु सहज घडू शकेल असे आहे. कळंब, वाशी, भूम, परांडा या भागांतून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे जातात. त्यांत एक बाई आहे. लहानपणापासून तिच्या ओठांवर आणि बोटांवर कोड आहे. तिचे लग्न जमताना सासरच्यांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवावी लागली होती: ‘कोड आहे, कुष्ठरोग नाही.’ त्या चिठ्ठीवर तिचा संसार उभा राहिला. वस्तीवर कोणी तिच्या हातचे पाणी नाकारले तर ती स्वतःच सांगते, “अहो, हे कोड आहे, तो रोग नव्हे.” अनेक वर्षे हे वाक्य तिची ढाल होऊन राहिले.

मग तिच्या मनगटाजवळ एक फिकट चट्टा येतो. कोडातच जमा होतो. आशाताई घरोघर तपासणीला येतात तेव्हा ती गावात नसते, फडावर असते. फडावरच्या कोपीत स्वयंपाक करताना हाताला चटका बसतो आणि तिला कळत नाही. कोयता लागतो आणि रक्त पाहून मग समजते. घरी परतल्यावर कधीतरी तपासणी होते आणि डॉक्टर सांगतात, “बाई, तुम्हाला तोही आहे.”

आता ती बाई कोणाला काय सांगेल? औषध आहे, ती बरी होईल. तिच्या रोगाचा प्रश्न बारा महिन्यांत सुटेल. परंतु इतकी वर्षे तिने ज्या वाक्याच्या आधाराने मान मिळवला, तेच वाक्य आता तिच्यावर उलटले आहे. ‘तो रोग नव्हे, म्हणून मला जवळ घ्या’ याचा दुसरा अर्थ ‘तो रोग असता तर मला दूर ठेवणे योग्यच होते’ असा होतो. हा अर्थ इतके दिवस दिसत नव्हता, कारण तो दुसऱ्या कोणाला तरी लागू होत होता. दोन्ही रोग एका देहात आले तेव्हा तो उघडा पडला.

या गोंधळात आपल्या भाषेचाही वाटा आहे. संस्कृतातला ‘कुष्ठ’ हा शब्द आयुर्वेदात फार विस्तृत अर्थाने येतो. कुष्ठाचे अठरा प्रकार तेथे सांगितले आहेत आणि त्यांत आज आपण नायटा, खरूज म्हणतो तसल्या तक्रारीही बसतात. पांढऱ्या डागांना ‘श्वित्र’ असे निराळे नाव असूनही त्यांची चर्चा कुष्ठाच्याच प्रकरणात केलेली आढळते. त्याच ‘कुष्ठ’ शब्दातून हिंदीत ‘कोढ’ आला आणि मराठीत ‘कोड’. हिंदीत कोढ म्हणजे मुख्यतः कुष्ठरोग. मराठीत कोड म्हणजे पांढरे डाग, आणि कुष्ठरोगाला महारोग किंवा रक्तपिती. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. येथे मराठी, दखनी, उर्दू एकाच बाजारात बोलल्या जातात. एकाने ‘कोड’ म्हणावे आणि दुसऱ्याने ‘कोढ’ ऐकावे, यात नवल नाही. शब्द जुळे, म्हणून भीतीही जुळी झाली.

पवित्र शास्त्रातही आपल्याला हेच दिसते. लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात ज्या रोगाचे नियम आहेत, त्याला मूळ हिब्रू भाषेत ‘त्साराथ’ असा शब्द आहे. तो पुढे ग्रीक भाषेत ‘लेप्रा’ झाला आणि आपण तो ‘कुष्ठरोग’, ‘महारोग’ असा वाचतो. परंतु तोच शब्द कपड्यावरच्या डागाला आणि घराच्या भिंतीवरच्या बुरशीसारख्या डागालाही वापरलेला आहे. मिर्याम आणि गेहजी यांची त्वचा हिमासारखी पांढरी झाली असे जुना करार सांगतो. आजच्या कुष्ठरोगात त्वचा तशी होत नाही. म्हणून अनेक अभ्यासक म्हणतात की ‘त्साराथ’ हे एका रोगाचे नाव नसून त्वचेच्या अनेक विकारांना मिळून दिलेले नाव आहे.

या अध्यायाची कठोर बाजू आपल्याला ठाऊक आहे: अशुद्ध ठरलेल्याने फाटके कपडे घालावे, आपण अशुद्ध असल्याचे ओरडून सांगावे, छावणीबाहेर एकटे राहावे. परंतु त्याच अध्यायातले ३८ आणि ३९ हे चरण आपण सहसा वाचत नाही. तेथे म्हटले आहे की पुरुषाच्या किंवा स्त्रीच्या अंगावर मंद पांढरे डाग असतील तर याजकाने ते पाहावेत आणि ते माणूस शुद्ध आहे असे जाहीर करावे. म्हणजे हा डाग कोणता आणि तो कोणता, हे नीट पारखण्याची रीत फार जुनी आहे, आणि त्या पारखण्यामागे काहींना सोडवण्याचा हेतूही होता. सात दिवस थांबा, पुन्हा पाहा, घाईने निकाल देऊ नका, असे तो नियम सांगतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणी विचारेल: “मग खरे सांगायचेच नाही का? कोड असलेल्या मुलीला ‘हा कुष्ठरोग नाही’ असे सांगणे चूक आहे का?”

मुळीच नाही. डॉक्टरांनी ते सांगितलेच पाहिजे. दोन रोगांची औषधे वेगळी आहेत, त्यांत घोळ झाला तर रुग्णाचे नुकसान होते. भीतीने थरथरणाऱ्या आईला सत्य सांगणे हे दयेचे काम आहे. आईने सुटकेचा श्वास टाकला म्हणून तिला दोष देणारे आम्ही कोण? पोटच्या पोरीला समाज काय करील, हे तिला पक्के ठाऊक असते.

परंतु सत्य सांगणे आणि सत्याचा आधार घेऊन दुसऱ्याला खाली ढकलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संत लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात प्रार्थना करणारा परुशी आठवा. आपण इतरांसारखे नाही, मागे उभ्या असलेल्या त्या जकातदारासारखे नाही, म्हणून तो देवाचे आभार मानतो. लक्षात घ्या, तो खोटे बोलत नव्हता. तो खरोखर उपवास करत होता, खरोखर दशांश देत होता. त्याच्या प्रार्थनेतली माहिती बरोबर होती, पण तिला आधार म्हणून त्याला एक हलका माणूस लागला. मागे उभा असलेला तो माणूस त्याच्या कृतज्ञतेची पायरी झाला. ‘देवाची कृपा, तो रोग नव्हे’ हे वाक्य आपण सवयीने बोलू लागतो तेव्हा त्याला हाच धोका असतो.

याची कसोटी सोपी आहे. जे सांत्वन आपण एका दुःखी माणसाला देतो, ते दुसरा दुःखी माणूस शेजारी बसला असतानाही देता येईल का? ‘तुमचा आजार शिवल्याने पसरत नाही, याला उपचार आहेत, आम्ही तुमच्याबरोबर आहोत’ हे कोड असलेल्याला सांगता येते. ‘तुमच्या आजाराला गोळ्या आहेत, त्या सुरू झाल्या की धोका संपतो, आम्ही तुमच्याबरोबर आहोत’ हे कुष्ठरोग्याला सांगता येते. दोघे एका बाकावर बसले असतील तरी सांगता येते. दोन्ही रोग असलेल्या त्या ऊसतोड बाईलाही सांगता येते. पण ‘नशीब, तो रोग नाही’ हे तिला सांगता येत नाही. जे तिला सांगता येत नाही, ते इतरांना सांगतानाही आपण थांबावे.

प्रभू येशूने काय केले, ते संत मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे. एक कुष्ठरोगी येऊन गुडघे टेकतो. प्रभूने त्याला नेमका कोणता रोग होता, हे शुभवर्तमान सांगत नाही आणि प्रभूही विचारत नाही. तो हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. माणूस बरा झाल्यावर मात्र प्रभू त्याला सांगतो की जा, याजकाला दाखव आणि मोशेने नेमून दिलेले अर्पण कर. म्हणजे प्रभूने तपासणी मोडीत काढली नाही. याजकाचा दाखला त्या माणसाला गावात परत जाण्यासाठी हवाच होता. परंतु क्रम पाहा. स्पर्श आधी, दाखला नंतर. आपण मात्र उलटे करतो: आधी दाखला मागतो, आणि तो मनासारखा असेल तरच हात पुढे करतो.

हा क्रम ज्यांनी ओळखला, अशी माणसे होऊन गेली. बेल्जियमचे संत डेमियन १८७३ साली मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत राहायला गेले. डॉ. हॅन्सन यांनी जंतू पाहिला, तेच हे वर्ष. फादर डेमियन तेव्हा निरोगी होते, तरी प्रवचनात ते समोरच्यांना ‘तुम्ही’ न म्हणता स्वतःला त्यांच्यात धरून ‘आपण कुष्ठरोगी’ असे म्हणत. पुढे त्यांना तो रोग खरोखरच जडला आणि १८८९ साली त्यांचे निधन झाले. २००९ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले.

आपल्या महाराष्ट्रात संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री यांना कुष्ठरोग झाला. १९३९ च्या सुमारास ते सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमातच झोपडी दिली आणि रोज स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. त्या काळी खात्रीचे औषध नव्हते. गोळ्यांचे पाकीट हाती असताना आपण जे करायला कचरतो, ते त्यांनी औषध नसताना केले. बाबा आमटे यांची गोष्टही सर्वांना ठाऊक आहे. रस्त्याच्या कडेला पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्याला पाहून ते आधी घाबरून पळाले; मग आपल्या भीतीचीच लाज वाटून परत गेले. त्या परत जाण्यातून पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. भीती वाटणे हे पाप नाही; तिथेच थांबायचे की परत जायचे, हे मात्र आपल्या हाती असते.

एकाच देहात दोन त्वचारोग आणि त्यावर जगाचा निवाडा, याचे एक जगप्रसिद्ध उदाहरणही सांगावेसे वाटते. गायक मायकल जॅक्सन १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत अंधेरीला कार्यक्रमासाठी आले होते. आपल्यापैकी अनेकांना वर्तमानपत्रांतली त्यांची छायाचित्रे आठवत असतील. काळ्या रंगाची लाज वाटते म्हणून हा माणूस गोरा झाला, असे तेव्हा सर्रास बोलले जाई. त्यांनी १९९३ साली दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत आपल्याला त्वचेचा रंग नष्ट करणारा आजार असल्याचे सांगितले होते, पण फार थोड्यांनी विश्वास ठेवला. त्यांना कोड होते. त्याशिवाय त्वचेवर व्रण पाडणारा ल्युपस नावाचा दुसरा आजारही होता, असे त्यांच्या त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले होते. २००९ साली त्यांच्या मृत्यूनंतर झालेल्या शवविच्छेदनाने कोड असल्यावर शिक्कामोर्तब केले. त्यांच्या जीवनाचे मूल्यमापन करण्याची ही जागा नाही. पण एवढे खरे की जगाने त्यांची त्वचा पाहून त्यांच्या मनाचा निकाल लावला. २५ जून हा त्यांचा मृत्युदिन आता जागतिक कोड दिन म्हणून पाळला जातो. कुष्ठरोगासाठी आपल्या देशात ३० जानेवारी हा गांधीजींचा स्मृतिदिन आहे. दोन आजारांचे दोन दिवस असावेत, हे ठीकच आहे. मात्र एका दिवशी बोललेले वाक्य दुसऱ्या दिवशी कोणाला जखमी करणार नाही, एवढे आपण पाहावे.

कायद्यानेही या बाबतीत उशिरा का होईना, पाऊल उचलले आहे. इंग्रजांच्या काळात १८९८ साली केलेला कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवण्याचा कायदा २०१६ साली रद्द झाला. आपल्या ख्रिस्ती समाजाला लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ साली दुरुस्ती झाली, तेव्हाही जोडीदाराचा बरा न होणारा कुष्ठरोग हे विवाह मोडण्याचे कारण मानले गेले होते. रोगावर औषध येऊन वीस वर्षे झाली होती, तरीही! २०१९ साली संसदेने ख्रिस्ती, हिंदू, मुस्लिम आणि विशेष विवाह कायद्यांतून हे कारण काढून टाकले. विवाह हा संस्कार आहे, सुखात आणि दुःखात, आरोग्यात आणि आजारात एकनिष्ठ राहण्याचे ते वचन आहे, असे आपण वेदीसमोर म्हणतो. जे कायद्याला २०१९ साली उमगले, ते त्या वचनात आधीपासूनच होते.

डिसेंबर २००५ मध्ये आपल्या देशाने जाहीर केले की कुष्ठरुग्णांचे प्रमाण राष्ट्रीय पातळीवर दहा हजारांत एकापेक्षा खाली आले. अनेकांनी त्याचा अर्थ ‘रोग संपला’ असा घेतला. तो संपलेला नाही. २०२३ साली जगभरात १,८२,८१५ नवे रुग्ण सापडले, त्यांपैकी एक लाखाहून अधिक आपल्या देशातले होते. म्हणून काही गोष्टी आपण या धर्मग्रामात ध्यानात ठेवू या.

अंगावर कोणताही नवा चट्टा दिसला तर डोळे मिटून त्यावर कापसाचा बोळा फिरवून घ्यावा. स्पर्श कळला नाही तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. कोड असलेल्यांनीही हे करावे. जुना डाग आहे म्हणून नवा तोच असेल असे धरू नये. डॉक्टरांना फक्त खाजणारी जागा दाखवू नये, सर्व डाग दाखवावेत. शेजारचे कुटुंब उसाला गेले असेल तर ते परतल्यावर आशाताईंना आठवणीने कळवावे. धाराशिव शहरात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. त्वचेच्या तक्रारीसाठी वाटेल ते मलम चोळत बसण्याचे कारण उरलेले नाही. गोळ्यांनी काही काळ त्वचा काळवंडते, ती औषध संपल्यावर हळूहळू पूर्ववत होते. त्यावरून कोणाला टोकू नये. आणि ज्यांची बोटे पूर्वी झडली आहेत, अशा बऱ्या झालेल्या माणसांकडून कोणालाही रोग होत नाही. त्यांना ‘महारोगी’ म्हणणे हे खोटे बोलणे आहे.

रविवारच्या मिस्सात, ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्यापूर्वी, आपण एकमेकांना शांतीची खूण देतो. तेव्हा शेजाऱ्याचा हात कसा आहे, हे पाहण्याची सोय प्रार्थनाविधीत ठेवलेली नाही. हात आधी जोडला किंवा धरला जातो. नाव, गाव, दुखणे नंतर विचारले जाते. हाच क्रम मंदिराबाहेर, विहिरीवर, पंगतीत, एस.टी.च्या बाकावर आणि मुलामुलीचे लग्न जमवताना आपण पाळू शकलो, तर त्या ऊसतोड बाईला आपल्यामध्ये बसण्यासाठी कोणतीही चिठ्ठी दाखवावी लागणार नाही.

प्रभू आपल्याला सत्य सांगण्याचे धैर्य देवो, आणि ते सांगताना कोणालाही छावणीबाहेर न ठेवण्याची सुबुद्धी देवो.